मागच्या काचेवरचं नाव

पूल उचलायला लागला तेव्हा डेनीसची गाडी फाटकापाशी सगळ्यांत पुढे होती. घंटा वाजली, लाल दिवे लुकलुकले आणि ज्या रस्त्यावरून ती रोज जाते-येते तो मधोमध दुभंगून आभाळाकडे तोंड करून उभा राहिला. एप्रिल संपत आला होता. हिवाळाभर गोदामांत पडून असलेल्या शिडाच्या बोटी आता एकेक करून सरोवराकडे निघाल्या होत्या, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या लोकांच्या नशिबी हा ताप होताच. कुणा एका वकिलाची डोलकाठी पार व्हावी म्हणून निम्मं शहर खोळंबायचं. डेनीसने इंजिन बंद केलं. दिवसभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडून तिचं मनगट दुखत होतं, आणि दवाखान्यातून निघताना कितीही हात धुतले तरी बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा तो आताही येत होता. शुक्रवार होता. शुक्रवारी बेव्हच्या बारमध्ये मासे खायचे. भाऊ जेरी आणि मुलगी ग्रेटा थेट तिथेच येणार, नवऱ्याची दुसरी पाळी असल्यामुळे तो नाही. एवढंच आपल्या डोक्यात आहे असं ती स्वतःला सांगत होती.

मागून हॉर्न वाजला. पूल वर असताना हॉर्न मारणारा हा शहाणा कोण, म्हणून तिने आरशात पाहिलं. मागच्या गाडीतला टोपीवाला माणूस तिच्याकडे बघून हसत होता आणि अंगठा वर करून दाखवत होता. मग तो तिच्या गाडीच्या मागच्या काचेकडे बोट दाखवायला लागला, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून चक्क खाली उतरून तिच्या खिडकीशी आला. पूल वर गेला की इथले लोक गाडीतून उतरतात, पाय मोकळे करतात, अनोळखी माणसाशी हवेबद्दल बोलतात, त्यामुळे तिला काही वावगं वाटलं नाही. तिने काच खाली केली.

"तुमचंही पोर तिथेच का?" माणसाने विचारलं. मागच्या काचेवर मोठ्या विद्यापीठाच्या नावाचा लाल स्टिकर होता, त्याबद्दल तो बोलत होता.

"जाईल आता. मुलगी आहे."

"वा! अभिनंदन. आमचा थोरला तिथेच आहे. काय घेणार आहे मुलगी?"

"इंजिनिअरिंग."

"थेट मिळालंय, की आत गेल्यावर मिळवायचं?"

"आत गेल्यावर," डेनीस म्हणाली.

"हं." माणसाने टोपी जरा मागे सारली. "आमच्याचंही तसंच होतं. दोनदा अर्ज केला त्याने. आता भूगोल करतोय. बरं चाललंय हो त्याचं, नकाशे-बिकाशे काढतो. एक वर्ष मात्र घरात कुणी धड जेवलं नाही." मग आपण जास्त बोललो असं वाटून तो दोन पावलं मागे सरकला. "तुमच्या मुलीचं होईल. होईल तिचं, काळजी करू नका."

इस्पितळाच्या बाकावर शेजारच्याला म्हणावं तसं तो म्हणाला. काळजी करत असल्याचं डेनीसने कुणालाच सांगितलं नव्हतं. डोलकाठी सरकत सरकत दिसेनाशी झाली, रस्त्याचे दोन तुकडे हळूहळू खाली आले, फाटक उघडलं, आणि ती स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती बसून राहिली. त्याच माणसाने पुन्हा हॉर्न मारला. ह्या वेळी अभिनंदनाचा नव्हता.

तो स्टिकर ग्लेनने लावला होता. नवरा तसा चांगला माणूस, पण आनंद झाला की त्याला तो कशावर तरी चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. मार्चमध्ये त्या संध्याकाळी ग्रेटाने स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर आलेलं विद्यापीठाचं पत्र मोठ्याने वाचलं आणि 'अभिनंदन' हा शब्द ऐकताच ग्लेन असा ओरडला की शेजारच्यांचा कुत्रा भुंकायला लागला. पुढचा मजकूर पोरीने वाचला, नाही असं नाही. इंजिनिअरिंगमधली जागा आत्ता देता येत नाही, आधी एक वर्ष शिकायचं, मार्क बघून मग विभागाकडे अर्ज करायचा, स्पर्धा मोठी असते. हे तिने जरा हळू आवाजात वाचलं, आणि ग्लेन म्हणाला, "अगं ते सगळ्यांनाच तसं लिहितात." डेनीसनेही मान हलवली. त्यांच्या गल्लीत आनंदाची बातमी आली की तिची खालची बाजू कुणी उलटून बघत नाही. आधी सगळ्यांना सांगायचं, केक आणायचा, नाव चिकटवायचं, आणि मग सवडीने काय ते बघायचं. दुसऱ्याच दिवशी ग्लेनने स्टिकर आणला, ग्रेटासाठी त्याच लाल रंगाचा जाड सदरा आणला, आणि आपल्या कारखान्यात पाळी संपेपर्यंत प्रत्येकाला सांगितलं की पोरगी इंजिनिअरिंगला चालली. पुढच्या आठवड्यात ग्रेटाने अर्ज केलेल्या उत्तरेच्या एका छोट्या कॉलेजचंही उत्तर आलं. तिथे बर्फ एप्रिलपर्यंत वितळत नाही, आणि नाव सांगितलं की माणसं आधी 'कुठे आलं ते?' असं विचारतात. तिथे कसली भानगड नव्हती: या, पहिल्या दिवसापासून इंजिनिअरिंगची जागा तुमची. ग्लेन म्हणाला, "बरं झालं, असू दे हाताशी," आणि त्यासाठी केक आला नाही.

कुठली तरी एक जागा पक्की करायची मुदत उद्या संपत होती. दोन महिने ग्रेटा काहीच बोलली नव्हती. आज तिच्या शाळेत सगळी मुलं आपापल्या कॉलेजच्या नावाचे सदरे घालून येणार, वर्गावर्गांत फोटो निघणार, हे डेनीसला ठाऊक होतं. आणि सकाळी पोर बाहेर पडल्यावर डेनीस तिच्या खोलीत डोकावली तर ग्लेनने आणलेला सदरा खुर्चीच्या पाठीवर तसाच होता, किमतीच्या चिठ्ठीसकट. तेव्हापासून एकेका रुग्णाच्या उघड्या तोंडात डोकावताना तिला ती खुर्ची दिसत होती. दुपारी एका म्हाताऱ्या बाईच्या हिरडीतून जरा जास्तच रक्त आलं, आणि चूक बाईंच्या हिरडीची नव्हती.

डावीकडे वळलं की बेव्हचा बार. डेनीस वळली नाही, सरळ सरोवराकडे गेली. जेरीच्या समोर बसून आज हा विषय काढायचा हे तिला इतक्यात नको होतं. मोठ्या विद्यापीठाचा विषय त्यांच्या घरात जेरीसमोर कधीच निघत नसे. तिचा हा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि १९८८ च्या उन्हाळ्यात तो त्याच विद्यापीठात गेला होता, तसाच, आधी एक-दोन वर्षं विभागाबाहेर राहून आणि मग जमलं तर आत. त्यांचे वडील कारखान्यात लेथवर दातेरी चाकं कापायचे. वरच्या मजल्यावरून इंजिनिअर लोक खाली येत, पांढरे शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कशाला हात न लावता यंत्रांमधून एक फेरी मारत, आणि नंतर कळायचं की कुठलं तरी यंत्र जाणार आणि त्याच्याबरोबर चार माणसं जाणार. पप्पांना त्यांचा राग नव्हता. त्यांना तसला एक आपल्या घरात हवा होता. जेरीचं कळलं त्या रविवारी त्यांनी गॅरेजपासून कपड्यांच्या दोरीच्या खांबापर्यंत एक चादर ताणली आणि तिच्यावर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं, बिअरमध्ये सॉसेज उकडले, पलीकडच्या गल्लीतला अकॉर्डियनवाला आला, आणि पप्पा खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "आजपासून ह्याला जेरी म्हणायचं नाही कुणी. हा इंजिनिअर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जेरीही हसला, कान लाल झाले होते त्याचे. डेनीस तेव्हा पंधरा वर्षांची, ताटल्या आत नेत होती, आणि मोरीपाशी तिने आईला जेरीशी बोलताना ऐकलं. आई हळूच म्हणत होती, "घरून जाता येईल असं कॉलेज बघितलं असतंस तर बरं झालं असतं रे." ते पप्पांनीही ऐकलं. "चाललेल्या पोराच्या पायात पाय घालू नकोस," ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाले की अंगणातला अकॉर्डियन क्षणभर थांबला. आई पुन्हा त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही, मरेपर्यंत.

दोन वर्षांनी जेरी कपड्यांची पिशवी खांद्याला लावून घरी आला. त्याला विभागात घेतलं नव्हतं. आईने त्याच्या आवडीचं बदकाचं सूप केलं आणि वाढता वाढता रडली. पप्पा तळघरात जाऊन स्क्रू निवडत बसले, मोठे एका डब्यात, बारके दुसऱ्या डब्यात. काय झालं, कसं झालं, कुणीच विचारलं नाही. विचारणं म्हणजे जखमेवरची पट्टी ओढून काढणं असं सगळ्यांनी न ठरवता ठरवलं. गॅरेजमधली ती चादर आईने फाडून पुसायला घेतली. जेरीने शहराच्या शाळांमधले बॉयलर सांभाळायची नोकरी धरली, ती आजतागायत. लग्न केलं नाही. नाव तेवढं उरलं. बेव्हच्या बारमध्ये अजून त्याला कुणी जेरी म्हणत नाही, "इंजिनिअर, जरा हा नळ बघ गळतोय," असं कुणीतरी ओरडतं, सगळे हसतात, जेरीही हसतो, आणि डेनीस प्रत्येक वेळी ताटात बघते. एवढ्या वर्षांत तिने त्या हसण्यामागे बघायचं टाळलं होतं. मागे काय असेल ते तिला ठाऊकच होतं, निदान असं ती धरून चालली होती.

सरोवराकाठी गाडी लावून ती मागच्या सीटवर गेली. प्रत्येक गाडीत बर्फ खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी असते तशी तिच्याही गाडीत होती, ती तिने घेतली आणि काचेवरच्या स्टिकरची कड उचकटायला लागली. ग्लेनने आतून लावला होता, पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून. पन्नाशी उलटलेली बाई मागच्या सीटवर गुडघे टेकून काच खरवडतेय, हे दृश्य कुत्रा फिरवायला आलेल्या एका तरुणीने जरा थांबून पाहिलं. डेनीसने तिच्याकडे बघून मान हलवली, जसं काही हे सगळेच शुक्रवारी करतात. रोजचा हा तिचा धंदा, खरवडणं, पण इथे मनगटाने दगा दिला. पहिली चार अक्षरं निघाली, त्यांच्या जागी पांढरा चिकट डाग राहिला, उरलेलं अर्धं नाव काही केल्या सुटेना. आता ग्लेनला काय सांगायचं? तिने पट्टी खाली टाकली आणि वाणसामानाच्या पिशव्यांमध्ये तशीच बसली. पाण्यावरून गार वारा येत होता. सरोवराशी नेहमीच गारवा जास्त, आत शहरात लोक कोट काढून हिंडत असले तरी.

ग्रेटाला काय सांगायचं ते तिला माहीत होतं. छोट्या कॉलेजात जा, एवढंच. ते तीन शब्द ती मार्चपासून गिळत होती. मोठ्या विद्यापीठात जाऊन ग्रेटा वर्षभर जीव टांगणीला लावून बसेल, प्रत्येक परीक्षेनंतर पोरीचा आवाज फोनवर बारीक होत जाईल, आणि मग एक दिवस कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहील, आणि आपण सूप करू. हे चित्र तिला इतकं स्वच्छ दिसायचं की कधी कधी ती भांडी घासताना मध्येच हात थांबवायची. पण ते तीन शब्द मनात म्हणून बघितले की त्यांच्यात आईचा आवाज यायचा. छोट्या कॉलेजात जा, म्हणजे तुला मोठ्यात जमणार नाही. केमिस्ट्रीत तुला गेल्या वर्षी काय पडले ते मला आठवतंय. पोरीच्या तोंडावर हे म्हणायचं? आणि समजा तिने ऐकलं, गेली तिकडे बर्फात, आणि जन्मभर मनात धरून बसली की मला जमलं असतं, माझ्या आईलाच माझा भरवसा नव्हता? आणि नाही म्हटलं तर? डेनीस मोठ्याने म्हणून बघायला लागली. "हे बघ ग्रेटा, मला असं वाटतं..." हे फारच मास्तरणीसारखं झालं. "ग्रेटा, तुझ्या मनात काय आहे?" हे भ्याडपणाचं. "पप्पांना मी समजावते, तू फक्त..." हे तर खोटंच, ग्लेनला आजवर कुणी समजावलंय? लहानपणी ग्रेटा पुलाशी गाडी थांबली की मागच्या सीटवरून विचारायची, दोन्ही तुकडे खाली येताना बरोबर एकमेकांसमोरच कसे येतात, एखाद दिवशी चुकले तर? डेनीस म्हणायची, चुकत नाहीत. ग्रेटा म्हणायची, पण कसं? आणि डेनीसला ते काही सांगता यायचं नाही. त्याच जागी आता ती स्वतः बसली होती, पायाशी दुधाची बाटली, आणि तिला रडू येत होतं. शेवटी तिने ठरवलं की रडायचं ते उद्या, आज बोलायचं. पोरीने तोंड फिरवलं तरी चालेल, पण आईसारखं एकदाच कुजबुजून गप्प बसायचं नाही. एवढं ठरल्यावर तिला भूक लागली.

बेव्हच्या बारमध्ये शुक्रवारचा तळणाचा वास दारातच अंगावर आला. कोपऱ्यातल्या बाकावर जेरी आणि ग्रेटा शेजारी शेजारी बसले होते, समोरची बाजू तिच्यासाठी रिकामी ठेवून. ग्रेटाच्या अंगात रोजचा करड्या चौकड्यांचा शर्ट होता. जेरीसमोर ब्रँडीचं गोड पेय, त्यात नेहमीची चेरी. दोघांची तोंडं मघापासून काहीतरी ठरवून बसल्यासारखी दिसत होती.

"उशीर केलास," जेरी म्हणाला. "पूल?"

"पूल," डेनीस म्हणाली. ते खोटं नव्हतं. "ग्रेटा, मला तुझ्याशी बोलायचंय."

"मलाही. आधी बस तर."

"बसते. पण आधी मी बोलणार. हे बघ..."

"डेनी," जेरी म्हणाला, "पोरीला बोलू दे."

जेरी तिला मध्ये तोडत नसे. त्यामुळे ती समोरच्या बाकावर बसली. ग्रेटाने कागदी रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"मी परवा पैसे भरले," ती म्हणाली. "जागा पक्की केली."

"कुठली?"

ग्रेटाने उत्तरेच्या कॉलेजचं नाव घेतलं. "कस्टर्डच्या दुकानातला माझा पगार होता त्यातून भरले. तुला न सांगता. ओरड आता."

डेनीसला ओरडायचं होतं की काय ते आठवेना. डोक्याला कळायच्या आधी अंगाला कळलं होतं. खांदे आपोआप खाली आले. बुटांच्या आत पायांची बोटं मार्चपासून आवळलेली असावीत, ती सुटी झाली. तिला एकदम इतकं हायसं वाटलं की तिने टेबलाची कड धरली, आणि मग त्या हायसं वाटण्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, बारीक, टोचणारं.

"मला विचारलंही नाहीस?"

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुझ्या मनात असेल ते कर. आणि मग मी तुझा चेहरा बघत बसले असते."

"माझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

"काहीच होत नाही ना त्याला, तेच तर. दोन महिने नुकत्याच रंगवलेल्या भिंतीसारखा ठेवलायस. हात लावायची सोय नाही."

जेरी चेरी चघळत हसला. डेनीसला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"आणि शाळेत आज?"

"सांगितलं, सदरा धुवायला टाकलाय. ह्या कॉलेजचा अजून आला नाही. पप्पांना कसं सांगायचं ते बघू. ते रडतील, मग दुसरा स्टिकर आणतील."

"जुना मी काढलाय," डेनीस म्हणाली. "म्हणजे निम्मा."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात बेव्ह आली, तिने वही-बिही न काढता विचारलं, "इंजिनिअर, तुझं नेहमीचंच ना?" आणि जेरीने मान हलवली. डेनीस नेहमीप्रमाणे खाली बघायला गेली, पण ताट अजून आलंच नव्हतं. बेव्ह गेल्यावर तिने तो प्रश्न विचारला ज्याच्यासाठी ती सरोवराकाठी बसून राहिली होती.

"एक खरं सांग. घाबरून घेतलंस का हे? तिथे आपल्याला जमणार नाही, असं वाटलं तुला? किंवा मला तसं वाटतंय, असं वाटलं?"

ग्रेटाने जेरीकडे पाहिलं. "मामा, सांगू?"

"सांग की. नाही तर मी सांगतो," जेरी म्हणाला. पेला जरा बाजूला सरकवून त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, बॉयलरच्या काजळीने नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेले हात. "ही गेल्या महिन्यात खाली आली माझ्याकडे, त्यांच्या शाळेच्या बॉयलरखोलीत. म्हणाली, मामा, तुझं तिथे नक्की काय झालं होतं? मी म्हटलं, बाई, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही, बस त्या बादलीवर."

"काय झालं होतं?" डेनीसने विचारलं, आणि विचारताना तिला कळलं की आपणही हे आत्ता पहिल्यांदाच विचारतोय.

"काय व्हायचंय. दोन वर्षं गणितं करत होतो आणि मला त्यातलं काही आवडत नव्हतं. बाकीची पोरं जेवतानाही त्याच गप्पा मारायची, त्यांचे डोळे चमकायचे, आणि मी आपला विचार करायचा की रविवारी घरी जायला मिळेल का. मग नाही घेतलं म्हणून कळलं. मी त्या इमारतीच्या पायऱ्या उतरून खाली आलो, आणि डेनी, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी समोरच्या दुकानात जाऊन दोन हॅम्बर्गर खाल्ले. बसमध्ये खिडकीशी बसून शीळ वाजवत आलो. म्हटलं, सुटलो." त्याने डोकं हलवलं. "आणि घरी येतो तर आई सूप वाढताना रडतेय आणि पप्पा तळघरात. आता असल्या घरात कुठल्या तोंडाने सांगणार की मला मजा वाटतेय? तोंड पाडून बसलो. मग ते तसंच राहून गेलं."

डेनीस त्याच्याकडे बघत राहिली. बारमध्ये कुणीतरी मोठ्याने हसलं, काट्या-चमच्यांचा आवाज आला, आणि मधल्या सगळ्या वर्षांतली सगळी जेवणं तिच्या डोळ्यांपुढून गेली, ती खाली बघत असलेली आणि जेरी हसत असलेला.

"पण ते तुला इंजिनिअर म्हणतात तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"मला वाटायचं तुला लागतं."

"लागायचंय काय त्यात? ह्या बारमध्ये दुसऱ्या कुणाला साधा नळ बंद करता येत नाही."

"मामाने हे सांगितलं ना," ग्रेटा म्हणाली, आणि आता ती भराभर बोलत होती, रुमाल बाजूला पडला होता, "तेव्हा मी घरी जाऊन स्वतःला विचारलं. समजा मी तिथे गेले आणि वर्षाने त्यांनी नाही म्हटलं, तर मला बरं वाटेल का? सुटले असं वाटेल? खूप वेळ विचार केला आई. नाही वाटणार. मी वेडी होईन. मला दुसरं काही करायचंच नाहीये. मग जे मला एवढं हवंय ते मी त्या केमिस्ट्रीच्या पेपरावर कशाला सोडू? नाव मोठं आहे म्हणून? मला वर्षभर दारात उभं नाही राहायचं. मला सुरुवात करायचीय. उत्तरेला बर्फ असेल तर असू दे, आत तर घेतायत ना."

डेनीसला वाटलं होतं की आपल्याला पोरीला वाचवायचं आहे. पोर आधीच वाचली होती, आणि आपल्या पायांनी. ती बाकावरून अर्धवट उठली, टेबलावरून वाकून तिने ग्रेटाचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि केसांवर ओठ टेकले. केसांना व्हॅनिलाचा वास होता, कस्टर्डच्या दुकानाचा. "लवंग," ग्रेटा नाक मुरडत म्हणाली, पण डोकं मागे घेतलं नाही.

बेव्ह ताटं घेऊन आली. तळलेले मासे, कोबी, राय ब्रेडच्या दोन दोन चकत्या, बटाट्याचे पोळे आणि सफरचंदाची चटणी. तिघंही खायला लागले. सकाळपासून डेनीसच्या घशाखाली कॉफीशिवाय काही उतरलं नव्हतं, आणि आता प्रत्येक घासाची चव निराळी लागत होती, मिठाची वेगळी, लिंबाची वेगळी. ग्लेनला ती सांगेल. तो आधी रडेल, मग विचारेल की तिथे हॉकीचा संघ आहे का, आणि असला तर प्रश्नच मिटला. अर्धा स्टिकर तो स्वतःच काढेल, त्याच्या हाताला जोर आहे. तिला हसू यायला लागलं, आणि त्या हसण्यातच तिची नजर जेरीकडे गेली. तो मन लावून माशाचे काटे बाजूला काढत होता, एकाखाली एक लावून ठेवत, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती इतकी वर्षं बघायला घाबरत होती तसलं काहीही नव्हतं.

"म्हणजे एवढी वर्षं," ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी वाईट वाटून घेत होते, ते सगळं फुकट?"

"फुकट कसलं? मला माहीत होतं की," जेरी मान वर न करता म्हणाला. "दर ख्रिसमसला ग्लेनला मोजे यायचे आणि मला लोकरीचा कोट. मी कशाला तोंड उघडतोय?"

ग्रेटाला ठसका लागला. डेनीस हसली, आधी तोंडावर हात ठेवून आणि मग हात काढून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपल्या वाटणीचा शेवटचा पोळा ती दर शुक्रवारी न बोलता त्याच्या ताटात सरकवायची. आज तिने हात लांब करून त्याच्या ताटातला उचलला आणि त्याच्याकडे बघत बघत सगळा खाऊन टाकला.